बाटली आणि चमचा

‘वैद्यकीय व्यवसाय आणि नेतृत्व’ या विषयावर स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहावेत, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. आपल्या मंडळाचा मी अध्यक्ष कधी झालो नाही. एकदा कोषाध्यक्ष होतो, तेव्हाचे हिशेबही आमच्या सौ.नेच जुळवून दिले होते. चाळीसएक वर्षे लहान मुलांचा दवाखाना चालवला, एवढीच माझी पुंजी. परंतु आपले संपादक हे माझ्या एका दिवंगत वर्गमित्राचे चिरंजीव. त्यांनी “काका, तुम्हाला जे वाटतं तेच लिहा” असे म्हटल्यावर माघार घेणे अवघड झाले. तेव्हा जे वाटते तेच लिहितो. काही मंडळींना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला ‘नेतृत्व’ म्हटले की श्रीमंत सयाजीराव महाराजांचे स्मरण होणारच. मल्हाररावांना पदच्युत केल्यावर, १८७५ साली, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या एका मुलाला महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले. या निवडीत योगायोगाचाही भाग होता. गोपाळरावांऐवजी दुसरा एखादा मुलगा निवडला गेला असता, तर त्यांचे नाव कवळाण्याच्या बाहेर कोणी ऐकलेही नसते. शाळेत आम्हाला ही कथा सांगताना गुरुजींचा सारा भर त्या निवडीच्या क्षणावर असे. मला मात्र वय वाढू लागले तसे पुढच्या सहा वर्षांचे अधिक महत्त्व वाटू लागले. १८७५ ते १८८१ या काळात तो मुलगा दिवसेंदिवस शिकत राहिला आणि १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले. नंतरची सत्तावन्न वर्षे त्याने काय केले, ते आपण नळ सोडला की रोज पाहतो. आजव्याचे पाणी १८९० च्या दशकाच्या आरंभी शहरात आले. पटकी-अतिसारावर या शहरात झालेला सर्वांत मोठा उपचार माझ्या मते तोच. आम्ही डॉक्टर मंडळी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

राजपुत्राला तयारीसाठी सहा वर्षे मिळाली. आपल्या व्यवसायात सहा मिनिटेही मिळत नाहीत. प्रसंग दारातून आत येतो, आणि आपण आधीपासून जसे असतो तसेच त्याच्यापुढे उभे राहतो. माझ्या बाबतीत तो प्रसंग १९८० च्या पावसाळ्यात आला. आजवर तो मी घरातल्या माणसांखेरीज कोणाला सांगितलेला नाही.

एका सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. सखल वस्त्यांतून पाणी शिरलेले, आणि जुलाब-उलट्यांची मुले रोज वाढत्या संख्येने येत होती. त्या दिवशी संध्याकाळी एका दोन वर्षांच्या मुलाला त्याचे वडील घेऊन आले. मूल किरकिर करीत होते, डोळे थोडे खोल गेले होते, पण पाण्याचे भांडे दिसले की ते हात पुढे करी. वडिलांचा एकच धोशा: “साहेब, बाटलो चढावो.” आपल्याकडे बाटली चढवली म्हणजे इलाज झाला, ही समजूत आजचीच आहे असे नाही. रात्रपाळीवर एक वयस्कर परिचारिका होत्या. सगळे त्यांना मोटाबेन म्हणत. त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, आ छोकरुं पी शके छे.” हे मूल पिऊ शकते. मी सत्तावीस वर्षांचा होतो, गळ्यात स्टेथोस्कोप होता, आणि समोर चार माणसे उभी होती. “सिस्टर, ते मी ठरवतो,” असे म्हणून मी सलाईन लावले. शेजारच्या दोन खाटांवरच्या पालकांनी ते पाहिले आणि त्यांनाही बाटली हवी झाली. त्यांचीही मुले पिऊ शकत होती. तिथेही मी ती लावली. वाद घालण्यापेक्षा सुई घालणे सोपे होते.

मध्यरात्री वॉर्डात चार बाटल्या उरल्या. भांडाराची किल्ली ज्यांच्याकडे, ते गावाला गेलेले. नवा साठा सकाळी. दोन वाजेपर्यंत आणखी तेरा मुले दाखल झाली. मी टेलिफोनपाशी जाऊन या वॉर्डाला त्या वॉर्डाला विचारीत होतो, ओरडत होतो, जिन्यावरून धावत होतो. मी फार काम करीत आहे, असे तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटत होते. परत आलो तो मोटाबेननी स्वयंपाकघर उघडवून मोठे पातेले चुलीवर चढवले होते. पाणी उकळून गार करून, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, या मापाने त्यांनी ते कालवले. नऊ आयांना भिंतीला टेकवून ओळीने बसवले, प्रत्येकीच्या हाती एक वाटी आणि एक चमचा दिला. एक चमचा, मग थोडे थांबायचे, मग पुढचा चमचा. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ. ज्या चौघांना गिळण्याचेही त्राण नव्हते, त्यांच्यासाठी त्या चार बाटल्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. निर्णय मी घेतो, असे म्हणणारा मी. प्रत्यक्षात तो त्यांनी घेतलेला होता.

साडेतीनच्या सुमारास सावलीकडच्या एका खेड्यातून एक बाई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली. नाडी लागत नव्हती. पोटावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. बाटली नव्हती. नाकातून नळी घालून तेच साखर-मिठाचे पाणी सुरू केले. पण उशीर झाला होता. पहाटे पावणेपाचला ती मुलगी गेली.

संध्याकाळी मी ज्या तीन मुलांना बाटल्या लावल्या होत्या, ती तिन्ही सकाळी दूध मागत होती. मोटाबेनच्या नऊ मुलांतली बहुतेकही मागत होती. मला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातून उसने आणलेले चमचे त्यांनी धुतले, मोजले, एक कमी भरला म्हणून खाटांखाली शोधून काढला आणि परत पाठवून दिले. मग त्यांची पाळी संपली.

साखर-मिठाच्या पाण्याचे शास्त्र मला ठाऊक नव्हते, असे नाही. आतड्यातून ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी जाते. पटकीतही ही वाट बंद होत नाही. हे मी परीक्षेत लिहिले होते, गुणही मिळवले होते. त्या वेळेपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने जलसंजीवनीचा पुरस्कारही केला होता. पण या उपायाची परीक्षा जिथे झाली, त्या बनगावची हकीकत मी तपशिलाने वाचली ती पुष्कळ वर्षांनी, आणि वाचताना मला त्या रात्रीच्या पातेल्याची आठवण येत राहिली.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोट निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावात पटकीने थैमान घातले. कोलकात्याहून तिथे गेलेले डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ, वय छत्तीस. रुग्णालयाच्या खोल्यांतून माणसे जमिनीवर पडलेली. शिरेतून सलाईन द्यायचे तर विष्ठेत आणि ओकारीत गुडघे टेकावे लागत. सलाईन संपत आले होते, ते देऊ शकणारे हातही अपुरे होते. महालनबीसांनी मग तोंडावाटे द्रावण देण्याचे ठरवले. लिटरमागे बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यातील त्यांच्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत ही भुकटी मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली जाई आणि गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली जात. शिबिरात ती पाण्याच्या पिंपांत कालवली जाई, आणि आया, बहिणी, नातलग ते पाणी पेल्यांनी रोग्यांना पाजत. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरात होते. महालनबीसांच्या देखरेखीखालच्या सदतीसशेच्या आसपास रोग्यांत ते ३.६ वर आले.

दोन गोष्टी इथे नमूद करण्यासारख्या आहेत. तोंडावाटे द्रावण देण्याची कल्पना महालनबीसांची नव्हती. ढाक्यात १९६८ साली तिचे प्रयोग झाले होते, आणि त्याही आधी १९५३ साली कोलकात्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रोग्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. दुसरी गोष्ट, बनगावच्या अनुभवावरही वैद्यकीय जगताने आरंभी विश्वास ठेवला नाही. लेख छापून यायला १९७३ साल उजाडले. आयांच्या हाती उपचार सोपवला हेच पुष्कळांना खटकत होते. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी मात्र ते शिबिर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि पुढे त्यांनी या उपचाराचा पाठपुरावा केला. शोषणाच्या या तत्त्वाचा शोध हा विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरावा, असे ‘लॅन्सेट’नेच १९७८ साली लिहिले. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात निवर्तले आणि १९७१ च्या त्या कामगिरीला पद्मविभूषण लाभले ते २०२३ साली, मरणोत्तर. असो.

बनगावला योगायोग कोणता? सलाईनचा तुटवडा. तुटवडा मलाही भेटला होता. फरक असा की, महालनबीसांच्या मनात तोवर एक गोष्ट पक्की बसलेली होती, आणि माझ्या मनात ती केवळ परीक्षेपुरती होती. तुटवड्याने त्यांना वाट मोकळी करून दिली. मला टेलिफोनकडे पळवले.

आता खरी कबुली पुढे आहे. कोणी म्हणेल, त्या रात्रीनंतर तुम्ही बदलला असाल. तसे झाले नाही. निदान टिकले नाही. १९८४ साली मी दांडिया बझारलगत स्वतःचा दवाखाना थाटला. पहिली दोन वर्षे टेबलावर जलसंजीवनीची पाकिटे ठेवून प्रत्येक आईला समजावीत होतो. मग कर्जाचे हप्ते आले, तीन खाटांचे भाडे आले, आणि “त्या डॉक्टरांनी तर लगेच बाटली लावली” हे वाक्य वरचेवर कानी पडू लागले. पाकिटे कपाटात गेली, सलाईनचे स्टँड बाहेर आले. स्वतःची समजूत घालायला एक वाक्य माझ्यापाशी तयार होते, ते अजूनही पुष्कळांपाशी असते: ‘आपण काय करणार? लोकांनाच बाटली हवी असते.’ दहा वर्षे मी हे वाक्य वापरले. एकाही पालकाला, “तुम्हाला काय हवे आहे?” असे मात्र विचारले नव्हते.

१९९६ च्या उन्हाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. जुन्या बडोद्यातले मराठी घर, नऊवारी नेसलेल्या, हातात पितळी तांब्या. मी सवयीने हाताची शीर चाचपू लागलो, तेव्हा त्या संकोचाने म्हणाल्या, “डॉक्टर, तो सारखा पाणी मागतोय. पाजलं तर चालेल का, की सुईच लागेल?” त्या काही मला शिकवायला आल्या नव्हत्या. त्यांना साधे उत्तर हवे होते. माझा हात तसाच थांबला. सोळा वर्षांपूर्वी याच प्रश्नाचे उत्तर मोटाबेननी मला न विचारता दिले होते, आणि मी ते नाकारले होते. या खेपेला मी सुई ट्रेमध्ये ठेवली, कपाटातले पाकीट काढले आणि त्या आजींच्याच तांब्यातले पाणी मोजून घेतले. तीन तास ते दोघे बाकावर बसले होते. मूल लघवी करून, हसून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी एक लाकडी बाक, सहा वाट्या आणि सहा चमचे विकत आणले. पुढे दोन खाटाही काढून टाकल्या. मिळकत घटली, हे लपवण्यात अर्थ नाही; काही कुटुंबे रागाने निघून गेली ती परत आली नाहीत. कधी एखाद्या मुलाच्या उलट्या थांबत नसत, ग्लानी वाढे. अशा वेळी सलाईन लावावेच लागे, आणि मी ते लावीत असे. कोणत्याही उपचाराचे सोवळे करू नये. पण बाकावर बसलेल्या दहांपैकी नऊ मुलांना तरी सुई लागत नाही, हा माझ्या वह्यांतला हिशेब आहे. तो शास्त्रीय पुरावा म्हणून नव्हे, पण खरा म्हणून सांगतो.

शास्त्रीय पुरावा २०२४ साली आला. ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधील अडीचशेहून अधिक शहरांतल्या दोन हजारांवर खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिसार झालेल्या दोन वर्षांच्या मुलाचे पालक असल्याची बतावणी करणारी माणसे या व्यावसायिकांकडे पाठवण्यात आली. त्यांतल्या काहींनी आपण होऊन जलसंजीवनीची इच्छा दर्शवली, काहींनी दर्शवली नाही. जलसंजीवनी न देण्यामागे पाकिटांचा तुटवडा शेकडा ६ आणि औषधविक्रीतला लाभ शेकडा ५ एवढेच कारणीभूत निघाले. शेकडा ४२ इतका वाटा होता तो डॉक्टरांच्या या समजुतीचा, की रुग्णाला ती नकोच असते! पालकांनी नुसती इच्छा बोलून दाखवली, तर ती देणाऱ्यांचे प्रमाण शंभरात २७ ने वाढले. हे आकडे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि काही वेळ स्वस्थ बसलो. माझी दहा वर्षे त्या बेचाळीस टक्क्यांत होती.

नेतृत्वाविषयी मला जे म्हणायचे आहे ते यातच आले. आपल्या वार्षिक संमेलनांत नेतृत्व म्हणजे व्यासपीठ, शाल, श्रीफळ आणि स्मरणिकेतले पानभर छायाचित्र, असा एक समज दृढ झाला आहे. पदे सांभाळणाऱ्यांचे श्रम मी जाणतो, त्यांची थट्टा करण्याचा हेतू नाही. परंतु ज्याच्या मागे लोक येतात तो पुढारी, ही व्याख्या आपल्या व्यवसायाला घातक आहे. लोक कशाच्या मागे येतील याचा अंदाज बांधून आपण त्यांच्या पुढे चालू लागलो, तर खरे म्हणजे आपणच त्यांच्या मागे चाललेलो असतो, आणि तो अंदाजही बहुधा चुकीचा असतो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचेच उदाहरण घ्या. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेये मुलांना जलसंजीवनी म्हणून पाजली जात आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. आजच्या मान्य सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. या पेयांत त्याच्या कितीतरी पट साखर होती, आणि तेवढ्या साखरेने जुलाब वाढतात. ही बाब आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, मीही पाहिली होती. आईला “ते नको, हे पाकीट घे” असे सांगून पुढचा रुग्ण बोलावला होता. या बाईंनी जवळजवळ आठ वर्षे पत्रे लिहिली, न्यायालयात दाद मागितली, टीका सोसली. २०२५ च्या ऑक्टोबरात देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. त्यांच्या मागे आरंभी कोण होते, हे मला ठाऊक नाही. फार कोणी नसावे.

जीवनाचे प्रयोजन वगैरे मोठे शब्द तरुण डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येतात. ते आधी सापडावे लागते आणि मग कामाला लागायचे, असा त्यांचा समज दिसतो. माझे प्रयोजन मला एका बाईच्या तांब्यात सापडले, तेही दुसऱ्या खेपेस. पहिल्या खेपेची किंमत मी भरली नाही. सावलीकडच्या त्या बाईने भरली. तिचे नाव मला आठवत नाही. नोंदवहीत मीच लिहिले असणार.

संपादकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या स्मरणिकेच्या मागच्या मुखपृष्ठावर दरवर्षी एखाद्या औषध कंपनीची रंगीत जाहिरात असते. या वर्षी ते पान मला द्यावे; जाहिरातीचा जो दर असेल तो मी भरीन. त्यावर मराठीत आणि गुजरातीत, ठळक अक्षरांत, पाकीट किती पाण्यात कालवायचे, चमच्याने कसे पाजायचे आणि कोणती लक्षणे दिसली की रुग्णालयात धावायचे, एवढेच छापावे, म्हणजे सभासदांना ते पान फाडून दवाखान्यात बाकापाशी चिकटवता येईल. खाली कोणाचेही नाव नको. पत्र पाठवून तीन आठवडे झाले. समितीच्या बैठकीत विषय ठेवतो, असे चिरंजीवांनी कळवले आहे.